जनुकांच्या मधली जागा : जिवाणूंमधल्या नियामक आरएनएचा संगणकावरचा शोध

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. काही महिन्यांत साथ ठाणे जिल्ह्यात आणि पुढे घाटावर पोहोचली. जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. जूनमध्ये पुण्यात प्लेग कमिशनर रँडवर गोळी झाडली गेली. या साथीच्या राजकीय आणि सामाजिक बाजूंवर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. ज्या जिवाणूने हे सारे घडवले, त्याच्या अंगची एक खुबी मात्र उलगडायला जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली.

प्लेगचा जिवाणू पिसूच्या पोटात असतो तेव्हा त्याच्याभोवतीचे तापमान २६ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. माणसाच्या शरीरात शिरला की ते ३७ अंश होते. पिसूच्या पोटात त्याला आपल्या पांढऱ्या पेशींशी झुंजण्याची हत्यारे लागत नाहीत. शरीरात शिरल्यावर ती ताबडतोब लागतात. ही हत्यारे तयार करण्याचा हुकूम एलसीआरएफ नावाचे प्रथिन देते. या प्रथिनाचा संदेश वाहणारा आरएनए कमी तापमानात स्वतःवरच दुमडलेला असतो. त्यात ओळीने आलेली चार 'यू' अक्षरे, प्रथिन बनवणारा रायबोसोम जिथे बसायचा नेमक्या त्या जागेला चिकटून ती झाकून ठेवतात. तापमान वाढले की ही पकड सुटते, रायबोसोम बसतो आणि प्रथिन तयार होऊ लागते. हे नियंत्रण संदेशापासून प्रथिन बनण्याच्या पायरीवर चालते, हे होई आणि गोगेन या संशोधकांनी १९९३ मध्ये दाखवले. तापमान ओळखायला वेगळे प्रथिन लागत नाही. संदेशच ते ओळखतो.

अशा तुकड्यांना नियामक आरएनए म्हणतात. तापमान ओळखणारे ते आरएनए थर्मामीटर. जीवनसत्त्व, अमिनो आम्ल किंवा धातूचा अणू पकडून जनुक चालू-बंद करणारे ते रायबोस्विच. दुसऱ्या जनुकाच्या संदेशाला जाऊन चिकटणारे ते छोटे आरएनए. ठरावीक आकाराचा असा तुकडा वेगवेगळ्या जिवाणूंत पुन्हा पुन्हा सापडतो तेव्हा त्याला मोटिफ म्हणण्याचा प्रघात आहे. लाखो अक्षरांच्या जीनोममध्ये हे मोटिफ संगणकाने कसे शोधायचे, आणि शोधल्यावर त्यांवर किती विश्वास ठेवायचा, हा या लेखाचा विषय.

प्रश्न अवघड का आहे

प्रथिनाचे जनुक संगणकाला तुलनेने लवकर सापडते. त्याला सुरुवातीची खूण असते, शेवटची खूण असते, आणि मधली अक्षरे तीन-तीनच्या गटांत चालतात. नियामक आरएनएला यातले काहीच नसते. तो बहुधा जनुकाच्या अलीकडे, दोन जनुकांच्या मधल्या जागेत असतो. बहुतेक रायबोस्विच ७० ते २०० अक्षरांचे असतात; सर्वांत छोटे जेमतेम ३५ अक्षरांचे.

खरी अडचण पुढे आहे. आरएनएचे काम त्याच्या आकारावर चालते आणि तोच आकार वेगळ्या अक्षरांतूनही घडू शकतो. समजा, एका जिवाणूत एका बाजूला जी-सी-ए-यू-सी आणि पलीकडे जी-ए-यू-जी-सी अशी अक्षरे आहेत. दुसरा तुकडा उलटा फिरून पहिल्यावर बसतो: जी समोर सी, सी समोर जी, ए समोर यू. त्याच्या नात्यातल्या दुसऱ्या जिवाणूत पहिला तुकडा जी-यू-ए-यू-सी झाला. एक अक्षर बदलले, जोडी सैल झाली. पण पलीकडचा तुकडाही जी-ए-यू-ए-सी झालेला दिसतो, म्हणजे जोडी पुन्हा घट्ट जुळली. कुलूप बदलले आणि किल्लीही बदलली, असा हा प्रकार. अक्षरे जुळवून पाहणारे ब्लास्टसारखे सॉफ्टवेअर इथे दोन फरक मोजते आणि साम्य कमी असल्याचे सांगते. प्रत्यक्षात हे दोन फरक एकत्र येणे हाच त्या आकाराचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. या क्षेत्रातली बहुतेक प्रगती या एका निरीक्षणावर उभी आहे.

आधी दिसले, मग सिद्ध झाले

सुरुवातीचे मोटिफ बारीक नजरेने, बरेचसे हातानेच सापडले. १९९३ मध्ये टीना हेन्किन आणि फ्रँक ग्रंडी यांनी बॅसिलस सबटिलिस या जिवाणूत टी-बॉक्स हा मोटिफ दाखवला. १९९८ मध्ये त्यांनीच एस-बॉक्स मांडला. १९९९ मध्ये मिखाईल गेलफांड आणि त्यांच्या रशियन सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या जिवाणूंतल्या रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाच्या जनुकांच्या अलीकडची जागा एकाखाली एक मांडून पाहिली. अक्षरे बदलत होती, पण आकार तोच राहत होता. त्याला त्यांनी आरएफएन एलिमेंट हे नाव दिले. तो नेमका काय पकडतो, हे तेव्हा कोणी दाखवलेले नव्हते.

तीन वर्षांनी, २००२ मध्ये, ते दाखवले गेले. येल विद्यापीठातला रॉन ब्रेकर यांचा गट आणि न्यूयॉर्कमधला येवगेनी नुडलर यांचा गट यांनी बी-१, बी-२ आणि बी-१२ या जीवनसत्त्वांची रूपे थेट आरएनएलाच चिकटतात आणि जनुकाचे काम थांबवतात, हे सिद्ध केले. मध्ये कोणतेही प्रथिन नव्हते. रायबोस्विच हा शब्द तेव्हापासून रूढ झाला. संगणकावर किंवा कागदावर दिसलेला आकार आधी आणि त्याचे काम नंतर, हा क्रम या विषयात पुढेही टिकला.

छोट्या आरएनएच्या बाबतीत २००१ हे वर्ष महत्त्वाचे. त्या वर्षी तीन स्वतंत्र गटांनी ई. कोलायच्या सुमारे ४६ लाख अक्षरांच्या जीनोममध्ये दोन जनुकांच्या मधल्या जागा चाळल्या आणि अनेक नवे आरएनए प्रयोगांनी दाखवून दिले. तोपर्यंत हातावर मोजता येतील इतकेच माहीत होते. या जागेला निरुपयोगी मानण्याची सवय तेव्हापासून सुटू लागली.

आकारावर एकट्याने विसंबता येत नाही

आरएनए कसा दुमडेल हे गणिताने काढण्याची पद्धत जुनी आहे. रुथ नुसिनोव्ह यांनी १९७८ मध्ये आणि मायकेल झुकर व पॅट्रिक स्टीगलर यांनी १९८१ मध्ये ती मांडली. शंभर अक्षरांचा आरएनए किती प्रकारे दुमडू शकतो याचा ढोबळ अंदाज एकावर २५ शून्ये इतका येतो. एवढे आकार एकेक करून तपासणे अशक्य. म्हणून छोट्या तुकड्यांची उत्तरे साठवून त्यांतून मोठ्याचे उत्तर बांधत सर्वांत कमी ऊर्जेचा आकार काढतात. व्हिएनाआरएनएसारखी सॉफ्टवेअर आजही मुळात हेच करतात.

मग जीनोममध्ये जिथे घट्ट दुमडणारा तुकडा दिसेल तिथे नियामक आरएनए असेल, असे वाटणे साहजिक होते. एलेना रिव्हास आणि शॉन एडी यांनी २००० मध्ये ही समजूत मोडून काढली. कोणतीही अक्षरे यदृच्छेने मांडली तरी ती बऱ्यापैकी घट्ट दुमडतात. जी आणि सी जास्त असतील तर अधिकच घट्ट. म्हणजे एका जीनोमवरून, फक्त आकाराच्या बळावर, खरा मोटिफ आणि योगायोग वेगळे काढता येत नाहीत. तुलनेसाठी दुसरे जिवाणू हवेत.

ही तुलना गणितात बसवण्याचे काम १९९४ मध्ये सुरू झाले होते. एडी आणि रिचर्ड डर्बिन यांनी कोव्हेरिअन्स मॉडेल मांडले. त्यात प्रत्येक जागेचे अक्षर कोणते असण्याची शक्यता किती, याबरोबर जोडीतली दोन अक्षरे एकत्र कशी बदलतात हेही नोंदवले जाते. माहीत असलेल्या मोटिफची पाच-पन्नास उदाहरणे दिली की मॉडेल तयार होते, आणि ते नव्या जीनोमवर फिरवता येते. २००३ मध्ये आरफॅम हा डेटाबेस सुरू झाला. त्यात आज चार हजारांहून अधिक आरएनए कुटुंबांची मॉडेल आहेत. ती चालवणारे इन्फर्नल हे सॉफ्टवेअर सुरुवातीला फार मंद होते. २०१३ च्या आवृत्तीत ते सुमारे शंभर पटींनी वेगवान झाले, आणि जिवाणूचा अख्खा जीनोम साध्या संगणकावर तपासता येऊ लागला.

ही झाली माहीत असलेल्या मोटिफची नवी उदाहरणे शोधण्याची पद्धत. मुळात नवा मोटिफ शोधायचा तर वाट उलटी असते. एकच काम करणारे जनुक अनेक जिवाणूंतून गोळा करायचे, त्या सगळ्यांच्या अलीकडची काही शे अक्षरे काढायची, आणि त्यांत समान आकार आहे का ते संगणकाला पाहायला लावायचे. झिझेन याओ, झॅशा वाइनबर्ग आणि वॉल्टर रुझ्झो यांचे २००६ मधले सीएमफाइंडर हे काम करते. त्याच्या आधारे वाइनबर्ग आणि ब्रेकर यांच्या गटाने २००७ मध्ये २२, २०१० मध्ये १०४ आणि २०१७ मध्ये २२४ नवे मोटिफ जाहीर केले. नंतरच्या याद्यांत समुद्र, माती आणि आतडे यांतून थेट गोळा केलेल्या डीएनएचाही वाटा होता.

२०१७ मध्येच रिव्हास आणि एडी यांनी आर-स्केप ही चाचणी आणली. जोडीने झालेले बदल खरोखर आकार राखण्यासाठी आहेत की सगळे जिवाणू एकाच पूर्वजाचे असल्यामुळे तसे दिसतात, हे ती संख्याशास्त्राने तपासते. माणसातल्या काही गाजलेल्या लांब आरएनएचे आकार या चाचणीत टिकले नाहीत. जिवाणूंमधले बहुतेक सिद्ध झालेले रायबोस्विच मात्र आरामात टिकतात. नव्या मोटिफचा दावा वाचताना ही चाचणी केली आहे का, हे आधी पाहावे.

नाव आहे, काम ठाऊक नाही

२००४ मध्ये जेफ बॅरिक आणि ब्रेकर यांच्या गटाने बॅसिलसमधल्या जनुकांच्या मधल्या जागा इतर जिवाणूंशी ताडून काही नवे मोटिफ मांडले. त्यांचे पुढे काय झाले, हे या क्षेत्राचा वेग मोजायला पुरेसे आहे. जीसीव्हीटी मोटिफ ग्लायसीन पकडतो हे त्याच वर्षी कळले. जीएलएमएस हा तुकडा स्वतःला कापून घेणारा निघाला, तेही २००४ मध्येच. वायडीएओ हा जिवाणूच्या पेशीतला सी-डाय-एएमपी हा संदेशवाहक रेणू पकडतो हे ठरायला २०१३ उजाडले. वायवायबीपी मोटिफ मँगॅनीज ओळखतो हे २०१५ मध्ये समजले. वायकेकेसी मोटिफने तर १३ वर्षे चकवले. २०१७ मध्ये तो ग्वानिडीन या साध्या रेणूला बांधतो हे सिद्ध झाले. जिवाणूंच्या जगात ग्वानिडीनला इतके महत्त्व असेल अशी आधी कोणाची अपेक्षा नव्हती.

फ्लोराइडची गोष्टही अशीच. २०१० च्या यादीत सीआरसीबी नावाचा एक मोटिफ होता. २०१२ मध्ये तो फ्लोराइड ओळखतो हे दाखवले गेले. आरएनएवर ऋण भार असतो आणि फ्लोराइडवरही. दोघे एकत्र येतील असे रसायनशास्त्र शिकलेल्या कोणाला सहज वाटणार नाही. (आरएनए आधी मॅग्नेशियमचे अणू पकडतो आणि त्यांच्या मध्ये फ्लोराइड बसवतो.) यवतमाळ, चंद्रपूरच्या विहिरींतला फ्लोराइड आपल्याला दातांच्या आणि हाडांच्या विकारांमुळे माहीत आहे. जिवाणूंनी त्याच्याशी जुळवून घेण्याची यंत्रणा फार पूर्वीच उभी केली होती.

आज ५५हून अधिक प्रकारचे रायबोस्विच सिद्ध झाले आहेत. जाहीर झालेले, पण काम न कळलेले मोटिफ त्याहून कितीतरी जास्त आहेत. संगणकावर शेकडो मोटिफ सापडायला एक प्रकल्प पुरतो. त्यातल्या एकाचे काम कळायला दहा-बारा वर्षे लागू शकतात. या दोन वेगांतली तफावत ही या विषयाची मुख्य अडचण आहे.

क्षयाच्या जिवाणूचा अवघड पेपर

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा जीनोम क्षयाच्या जिवाणूचा. एच३७आरव्ही या वाणाचा जीनोम १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला: सुमारे ४४ लाख ११ हजार अक्षरे, जवळपास ४,००० जनुके, आणि जी व सी यांचे प्रमाण ६५.६ टक्के. जी-सी इतके जास्त असल्याने जिथे पाहावे तिथे घट्ट दुमडणारे तुकडे दिसतात. रिव्हास आणि एडी यांचा इशारा इथे पुरेपूर लागू पडतो.

दुसरी अडचण नंतर कळली. २०१३ मध्ये या जिवाणूतले संदेश नेमके कुठून सुरू होतात याचा नकाशा तयार झाला. सुमारे एक चतुर्थांश संदेशांना जनुकाच्या अलीकडचा भागच नसतो. ते थेट प्रथिनाच्या पहिल्या अक्षरापासून सुरू होतात. अशा जनुकांच्या अलीकडे रायबोस्विच शोधणे व्यर्थ आहे, कारण तो भाग आरएनएमध्ये उतरतच नाही. हा नकाशा न पाहता चालवलेला संगणकी शोध इथे हमखास फसतो. तिसरी अडचण संदेशाच्या शेवटाची. ई. कोलाय आणि बॅसिलसमध्ये सहज सापडणाऱ्या शेवटच्या खुणा इथे विरळ आहेत. संदेश थांबवण्याचे काम बहुतेक वेळा रो नावाचे प्रथिन करते. शिवाय छोट्या आरएनएला मदत करणारे एचएफक्यू हे प्रथिन या जिवाणूत सापडलेले नाही. म्हणून ई. कोलायवर घडवलेले नियम इथे जसेच्या तसे चालत नाहीत.

तरीही बरेच हाती लागले आहे. आरफॅमची मॉडेल फिरवली की बी-१, बी-१२, ग्लायसीन आणि मॅग्नेशियम ओळखणारे रायबोस्विच या जीनोममध्ये दिसतात. या कुळातल्या जिवाणूंत सॅम-४ नावाचा आणखी एक प्रकार आहे. ११९ अक्षरांच्या या तुकड्याचा आकार २०१९ मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ३.७ अँगस्ट्रॉमपर्यंत पाहिला गेला. क्रिस्टीन आर्नविग आणि डग्लस यंग यांनी २००९ आणि २०११ मध्ये या जिवाणूत अनेक छोटे आरएनए असल्याचे दाखवले.

यांतले बी-१२चे उदाहरण जवळून पाहण्याजोगे आहे. मेथिओनीन हे अमिनो आम्ल बनवायला या जिवाणूकडे दोन एन्झाइम आहेत. मेट-एचला बी-१२ लागते, मेट-ईला लागत नाही. मेट-ईच्या संदेशाच्या सुरुवातीला बी-१२चा रायबोस्विच आहे. बी-१२ मिळाले की तो मेट-ई बंद करतो आणि जिवाणू मेट-एचवर चालतो. २००७ मध्ये डिग्बी वॉर्नर, व्हॅलेरी मिझराही आणि सहकाऱ्यांनी दाखवले की सीडीसी१५५१ या वाणात मेट-एचचा काही भाग गळालेला आहे. त्याला बी-१२ दिले की रायबोस्विच नेहमीसारखा मेट-ई बंद करतो, पण दुसरा पर्याय उरत नाही, आणि वाढ खुंटते. रायबोस्विच दोन्ही वाणांत आहे, परिणाम वेगळा. मोटिफ सापडला एवढ्याने त्याचा अर्थ लागत नाही. त्या वाणाचा बाकीचा जीनोमही वाचावा लागतो.

महाराष्ट्रात बी-१२ची कमतरता मोठ्या प्रमाणावर आहे, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या ग्रामीण मातांवरच्या दीर्घ अभ्यासाने दाखवले. रुग्णाच्या शरीरातल्या बी-१२चा आणि क्षयाच्या जिवाणूतल्या या रायबोस्विचचा काही संबंध असेल का, हा प्रश्न म्हणूनच इथे विचारण्यासारखा आहे. त्याचे उत्तर गृहीत धरू नये. प्रश्न मात्र आपला आहे.

औषधांच्या दृष्टीनेही मधली जागा दुर्लक्षिण्याजोगी नाही. आयसोनियाझिड या क्षयाच्या औषधाला होणाऱ्या प्रतिकाराचा एक नेहमीचा बदल आयएनएचए जनुकाच्या अलीकडच्या भागात असतो. २०१३ मध्ये असे दिसले की व्हिब-७ या जनुकाच्या संदेशाच्या सुरुवातीच्या, प्रथिन न बनवणाऱ्या भागातल्या बदलांमुळे कॅनामायसीन आणि स्ट्रेप्टोमायसीन या दोन्हींना प्रतिकार येतो. प्रथिनात काहीच बदललेले नसते; ते जास्त बनू लागते एवढेच. प्रतिकारासाठी जीनोम तपासताना नजर सवयीने जनुकांवर असते. असा बदल अहवालात आला तरी त्याचे काय करायचे हे ठरवायला मोटिफची माहिती लागते.

रायबोस्विचवर औषध करता येते का, याचेही उत्तर मिळाले आहे. २०१५ मध्ये मर्क कंपनीच्या संशोधकांनी सुमारे ५७ हजार रेणू चाळून रायबोसिल शोधले. ते बी-२च्या रायबोस्विचला चिकटून जिवाणूला उपाशी ठेवते. ते रुग्णापर्यंत पोहोचलेले नाही, पण वाट खुली आहे हे त्याने दाखवले.

नव्याण्णव टक्के म्हणजे किती

भारतातही या विषयावर काम झाले आहे. २००९ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रोफाइल हिडन मार्कोव्ह मॉडेल वापरून रायबोस्विच शोधण्याची पद्धत मांडली. कोव्हेरिअन्स मॉडेल तेव्हा फार मंद होते. जोड्यांची माहिती थोडी सोडून वेग मिळवावा, असा व्यवहारी विचार त्यामागे होता. इन्फर्नलच्या नंतरच्या आवृत्तीनेही आधी अशाच मॉडेलची चाळणी लावून वेग साधला. २०२० मध्ये तंजावरच्या शास्त्र विद्यापीठातून रायबोफ्लो हे डीप लर्निंगचे साधन आले. त्याची अचूकता सुमारे ९९ टक्के असल्याचे सांगितले गेले.

हा आकडा नीट वाचायला हवा. हातात रायबोस्विच आहे हे ठाऊक असताना तो कोणत्या प्रकारचा ते सांगणे हे एक काम. लाखो अक्षरांत तो आहे की नाही हे सांगणे हे दुसरे. क्षयाच्या जीनोमच्या दोन्ही बाजू मिळून सुमारे ८८ लाख जागा होतात. अशा शोधात हजारात एक चूक करणारे साधनही हजारो खोटे उमेदवार समोर टाकते. तिसरे काम म्हणजे आजवर कोणी न पाहिलेला प्रकार ओळखणे. जुन्या उदाहरणांवर शिकलेल्या साधनाकडून त्याची अपेक्षा जपूनच करावी. प्रथिनांचा त्रिमितीय आकार ओळखण्याच्या कास्प स्पर्धेत २०२२ मध्ये आरएनए प्रथमच घेतला गेला, तेव्हा डीप लर्निंगचे गट अनुभवी तज्ज्ञांच्या मागे राहिले. प्रथिनांच्या बाबतीत डीप लर्निंगने जे साधले ते इथे साधायला उदाहरणांचा साठा अजून अपुरा आहे.

प्रयोगाच्या बाजूनेही सावध राहावे लागते. निकेल आणि कोबाल्ट ओळखणारा नायको रायबोस्विच २०१५ मध्ये जाहीर झाला. त्याच्या नात्यातले आरएनए लोह ओळखतात, असा बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेचा शोधनिबंध २०२० मध्ये 'नेचर केमिकल बायॉलॉजी'त आला आणि खूप गाजला. आकृत्यांत फेरफार झाल्याचे उघड झाल्यावर २०२१ मध्ये तो मागे घेतला गेला. लोहाचा प्रश्न त्यामुळे निकाली निघत नाही. तो दुसऱ्यांनी स्वतंत्रपणे तपासायचा विषय आहे. अशा तपासणीला सनसनाटी नसते आणि पैसाही कमी मिळतो, पण मोटिफची यादी विश्वासार्ह होते ती तिच्यामुळेच.

आपल्या परिसरात काय करता येईल

सीक्वेन्सवर संगणकाने काम करण्याची परंपरा महाराष्ट्रात नवी नाही. पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये जैवमाहितीशास्त्राचे केंद्र उभे राहिले. अशोक कोळस्कर आणि प्रसाद टोंगावकर यांनी १९९० मध्ये प्रथिनाचा कोणता भाग प्रतिकारशक्तीच्या नजरेत भरेल हे ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ती आजही जगभर वापरली जाते. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक बनवला. राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचा सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रहही पुण्यात आहे.

पण जिवाणूचा एक जीनोम तपासायला आता महासंगणक लागत नाही. आरफॅम मोफत आहे, इन्फर्नल मोफत आहे, जीनोम सार्वजनिक डेटाबेसमध्ये आहेत, आणि हे सगळे साध्या लॅपटॉपवर काही तासांत चालते. ठाण्याचे बांदोडकर, कल्याणचे बिर्ला, डोंबिवलीचे पेंढरकर यांसारख्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकाच्या रांगेत न थांबता जीवशास्त्राच्या आघाडीवरचा प्रश्न हाताळता येईल, असा हा विरळा विषय आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्पाची सोय केली आहे. त्यात एखाद्या प्रथिनाचे रेडिमेड मॉडेल काढून चित्र चिकटवण्यापेक्षा हे काम कितीतरी मोलाचे ठरेल.

विषय शोधायलाही लांब जावे लागत नाही. अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण या पट्ट्यातून वाहणारी वालधुनी, डोंबिवलीचा औद्योगिक भाग, आणि २०२२ पासून रामसर स्थळ असलेली ठाणे खाडी. रसायने आणि धातू सोसणारे जिवाणू अशा ठिकाणीच शोधावेत. निकेल-कोबाल्ट, मँगॅनीज किंवा ग्वानिडीन ओळखणारे मोटिफ त्यांच्यात इतर ठिकाणच्या जिवाणूंपेक्षा जास्त आहेत का, कोणत्या जनुकांच्या अलीकडे आहेत, हा नेमका आणि आवाक्यातला प्रश्न आहे. लोणारच्या क्षारधर्मी सरोवरातल्या जिवाणूंबद्दलही तो विचारता येईल. कारण मँगॅनीजच्या मोटिफचाच एक सदस्य ई. कोलायमध्ये क्षारता वाढली की जनुक चालू करतो. सोयाबीनच्या मुळांवर गाठी करणाऱ्या जिवाणूतला रोझ हा आरएनए थर्मामीटर १९९८ पासून माहीत आहे. मराठवाड्यात पेरणीआधी बियाण्याला जे जिवाणू संवर्धक चोळतात, त्यातल्या वाणांत तो कसा आहे, हे तपासायलाही लॅपटॉप पुरेसा आहे.

क्षयाच्या बाबतीत गरज अधिक निकडीची आहे. संदर्भासाठी वापरला जाणारा एच३७आरव्ही हा वाण १९०५ मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्णापासून मिळवलेल्या जिवाणूचा वंशज आहे. तो या जिवाणूच्या चौथ्या वंशावळीतला. भारतात पहिली आणि तिसरी वंशावळ मोठ्या प्रमाणात आढळते, आणि मुंबई परिसरातल्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयात दुसरीही. मेट-एचच्या उदाहरणावरून दिसले की वाण बदलला की त्याच मोटिफचा परिणाम बदलतो. भारतीय वाणांच्या जाहीर झालेल्या जीनोममध्ये माहीत असलेल्या प्रत्येक नियामक आरएनएची अक्षरे कुठे बदलली आहेत, ते बदल जोडी मोडतात की जुळवतात, आणि तो संदेश मुळात कुठून सुरू होतो, याचा एक नीट तक्ता कोणीतरी करायला हवा. त्याला नवा अल्गोरिदम लागत नाही. चिकाटी आणि चोख नोंदी लागतात.

तक्ता झाल्यावरचे पाऊल प्रयोगशाळेतले आहे. आरएनए बनवून तो रेणूला बांधतो का, बांधल्यावर आकार बदलतो का, हे पाहण्याची इन-लाइन प्रोबिंगसारखी पद्धत १९९९ पासून उपलब्ध आहे. ती महाग उपकरणांपेक्षा काळजीपूर्वक हातावर अवलंबून आहे. त्यासाठी क्षयाचा जिवाणू वाढवावा लागत नाही, आरएनएचा तुकडा नळीत बनवता येतो. असे काम मुंबई-पुण्याच्या संशोधन संस्थांत होऊ शकते. आज संगणकावर बसणारा विद्यार्थी आणि नळी हातात घेणारा संशोधक एकमेकांना सहसा भेटत नाहीत. विद्यार्थ्याची उमेदवारांची यादी प्रबंधात राहते आणि संशोधकाला तपासायला चांगला उमेदवार मिळत नाही. वायकेकेसीला १३ वर्षे लागली ती येलसारख्या ठिकाणी, जिथे ही दोन्ही कामे एकाच गटात चालतात. आपल्याकडे ती वेगळ्या गावांत चालतात, म्हणून दर वर्षाच्या प्रकल्पातले दोन-तीन उमेदवार तरी प्रयोगशाळेपर्यंत पोहोचतील अशी लेखी व्यवस्था महाविद्यालये आणि संस्था यांच्यात व्हायला हवी. सुरुवात क्षयाच्या तक्त्यापासून करावी; त्याला लागणारी सगळी साधने आजच हातात आहेत.